वर्कशॉपची शेड नेमकी कुणाच्या पोरांसाठी होती?

दहावीचा निकाल लागला की आठवडाभर आपल्याकडे एकच चर्चा. पोरगं सायन्सला घालायचं की कॉमर्सला? मार्क जरा कमी असतील तर आर्ट्स. आणि मग सगळ्यात शेवटी, आवाज थोडा खाली आणून कुणीतरी म्हणतं, "नाहीतर मग काहीतरी टेक्निकल बघा."

हे 'नाहीतर मग' मला नेहमी खटकतं. तालुक्याच्या गावात पत्रकारिता करतो, दरवर्षी निकालाच्या बातम्या करतो, आणि दरवर्षी हाच शब्द कानावर पडतो. वेल्डिंग, वायरिंग, शेती, लेथ, दुग्धव्यवसाय या सगळ्या गोष्टी आपल्या डोक्यात 'नाहीतर मग'च्या खात्यात जमा आहेत. बरं, गावात चांगला वायरमन मिळत नाही म्हणून बोंब मारणारेही आपणच.

लोक सहज म्हणून टाकतात की आपल्या शिक्षणात हाताला काम शिकवायचं कुणाला सुचलंच नाही. हे साफ चूक आहे. सुचलं होतं. गेल्या १४० वर्षांत निदान सात-आठ वेळा सुचलं, आयोग बसले, शेडी बांधल्या, यंत्रं आली. तरीही आज आपण जिथे आहोत तिथेच आहोत. असं का झालं? आज जरा लांबण लावतो, पण शेवटपर्यंत वाचा. आत्ता पुन्हा एक लाट आली आहे आणि आपली पोरं तिच्यात आहेत.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करावी लागते. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. त्या आयोगापुढे फुल्यांनी पुण्यात १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यातली मागणी आपल्याला माहीत असते, भाषणात तेवढीच सांगितली जाते. पण त्याच निवेदनात दोन गोष्टी आणखी आहेत. एक, गावच्या शाळेत शेतीचे धडे द्या आणि जमेल तिथे शाळेला एक छोटं नमुन्याचं शेत जोडा, मुलांना तिथे प्रत्यक्ष शिकवा. दुसरी गोष्ट हायस्कूलची. सरकारी हायस्कुलात जे शिकवतात ते रोजच्या जगण्याच्या कामाचं नाही, त्यातून फक्त कारकून आणि मास्तर निघतात, असं फुल्यांनी स्पष्ट नोंदवलं.

एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. शेतकऱ्याच्या पोराने शेतीच शिकावी आणि इतरांच्या पोरांनी इंग्रजी, असं फुले म्हणाले नव्हते. त्यांच्या अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन होतं, हिशेब होता, इतिहास, भूगोल, व्याकरण होतं, आरोग्य होतं आणि शेतीही होती. एकाच मुलाला सगळं. 'एकाच मुलाला' हा शब्द धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

हंटर आयोगाने काय केलं? हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा करा म्हणून शिफारस केली. एक वाट विद्यापीठाच्या मॅट्रिककडे जाणारी, दुसरी व्यापार-उद्योगाकडे, व्यवहाराकडे जाणारी. कागदावर छान. पण सरकारी नोकरी मॅट्रिकवाल्याला, कॉलेज मॅट्रिकवाल्याला, मान मॅट्रिकवाल्याला. मग दुसऱ्या वाटेने जाणार कोण? ज्याच्याकडे पर्याय नाही तो. आपल्या 'नाहीतर मग'चा जन्म मला तरी इथेच दिसतो.

त्या काळात तंत्रशिक्षण आलंच नाही असं नाही. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तीच आपली आजची व्हीजेटीआय. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. दोन्ही संस्था मोठ्या. पण त्या हायस्कूलच्या बाहेर, वेगळ्या इमारतीत होत्या. हायस्कुलाच्या आत मात्र फळा, पुस्तक आणि पाठांतर तसंच राहिलं.

पुढचा मोठा प्रयत्न आपल्या वर्ध्याचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि नई तालीम जन्माला आली. एखादा हस्तोद्योग मधे ठेवायचा आणि त्याच्या आधाराने गणित, भाषा, विज्ञान शिकवायचं. आपल्याकडे त्याला मूलोद्योग शिक्षण म्हणायचे. आज ऐंशीच्या घरात असलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा, टकळीवर सूत कातल्याची आठवण निघते. कल्पना मोठी होती. पण ही योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. ती संपली की पुढे तेच जुनं हायस्कूल आणि तीच परीक्षा. टकळीला त्या परीक्षेत किंमत नव्हती, म्हणून पालकांच्या लेखीही राहिली नाही. टकळ्या कपाटात गेल्या.

याच काळात साताऱ्यात एक माणूस आयोगाची वाट न बघता कामाला लागला होता. कर्मवीर भाऊराव पाटील. हा माणूस आधी ओगल्यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर विकायला गावोगाव फिरलेला. शेतकरी काय विकत घेतो आणि काय घेऊ शकत नाही, हे त्यांनी बांधावर उभं राहून पाहिलेलं. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह आणि १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल. पोरं राबायची, शिकायची आणि त्या राबण्यातून शिकण्याचा खर्च निघायचा. 'कमवा आणि शिका' म्हणतात ते हेच. पण अण्णांनी त्या पोरांना खुरप्यापाशी थांबवलं नाही. तीच पोरं मॅट्रिक झाली, १९४७ मध्ये त्यांच्यासाठी छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, पुढे प्राध्यापक, अधिकारी झाली. म्हणजे हाताच्या कामामुळे त्यांची वरची वाट बंद झाली नाही, उलट कामाच्याच जोरावर ती उघडली.

स्वातंत्र्याच्या आगेमागे सरकारी कागद पुन्हा जुन्याच जागी आले. १९४४ च्या सार्जंट योजनेत हायस्कूलचे दोन प्रकार सांगितले, एक पुस्तकी आणि एक तांत्रिक. मग १९५२-५३ चा मुदलियार आयोग. त्याने म्हटलं वेगळ्या शाळा नकोत, एकाच छपराखाली बहुउद्देशीय शाळा काढा. भाषा-समाजशास्त्र, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला, गृहविज्ञान असे सात गट, ज्याला जो हवा तो.

आपल्याकडची टेक्निकल हायस्कुलं अनेकांना आठवत असतील. मोठी पत्र्याची शेड, आत व्हाइस लावलेली लांब बाकं, एका कोपऱ्यात भाता आणि ऐरण, दुसऱ्या बाजूला सुतारकाम, लेथ, वायरिंगचे बोर्ड. आसपासच्या शाळांतली मुलं ठरलेल्या दिवशी त्या केंद्रावर यायची. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून घासून असा काटकोनात आणायचा की गुण्या लावल्यावर उजेडाची रेघ दिसता कामा नये. दिवसच्या दिवस जायचे एका जॉबवर. आमच्या भागात पन्नाशी-साठी ओलांडलेले जे गॅरेजवाले, फॅब्रिकेशनवाले, कारखान्यातले फोरमन आहेत त्यांच्याशी बोला. निम्मेअधिक याच शेडीचं नाव घेतात.

आणि गंमत बघा, त्या काळी टेक्निकलला प्रवेश मिळणं ही अभिमानाची गोष्ट होती. का? कारण पुढची वाट उघडी होती. दहावीला टेक्निकल विषय घेतलेल्यांना पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला राखीव जागा असायच्या. म्हणजे आपल्या लोकांना हाताच्या कामाची लाज वाटते, हे जे आपण सरसकट बोलतो ते अर्धंच खरं आहे. लाज कामाची नसते. जिथून पुढे रस्ता नाही अशा कामाला बाप घाबरतो.

आणि ही भीती उगाच नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी एक योजना आणली. ग्रामीण प्राथमिक शाळेतली मुलं अर्धा वेळ शाळेत येतील, उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकतील. ऐकायला व्यवहारी वाटतं. पण लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला: न्हाव्याच्या पोराने वस्तरा धरायचा, चांभाराच्या पोराने आरी. म्हणजे जात शाळेतूनच पक्की करायची. 'कुलकल्वी' म्हणजे कुळाचं शिक्षण असं नाव पडलं, प्रचंड विरोध झाला. १९५४ मध्ये राजाजी गेले, कामराज आले आणि योजना रद्द झाली. आपल्याकडेही बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती उच्च शिक्षणाचं दार उघडायला, सिद्धार्थ कॉलेज त्यातूनच १९४६ मध्ये उभं राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गळ्यात काम बांधलं गेलं, त्यांनी 'आमच्या पोरांना पुस्तक द्या' म्हटलं तर त्यात चूक काय? व्यवसाय शिक्षणावर बोलताना हा मुद्दा टाळून चालतच नाही.

आता येतो कोठारी आयोग, १९६४ ते ६६. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा माणूस. त्याआधी त्यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठाच्या उभारणीत जीव ओतला होता. खेड्यात शाळेपासून ग्रामीण अभियांत्रिकीपर्यंत सगळं एका आवारात, असा तो प्रयोग. कोठारी आयोगाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, कार्यानुभव सगळ्या मुलांना. दुसरी, १९८६ पर्यंत दहावीनंतरच्या मुलांपैकी ५० टक्के मुलं व्यवसाय शिक्षणात असावीत.

कार्यानुभवाचं काय झालं ते तुम्ही-आम्ही सगळ्यांनी भोगलं आहे. कागदाची फुलं, पाकिटं, आईसक्रीमच्या काड्यांचं घर, आणि तेही बऱ्याचदा आईने किंवा ताईने केलेलं. श्रेणी मिळायची, मार्क नाही. म्हणून तो तास गणिताच्या सरांनी मागितला की दिला.

पन्नास टक्क्यांचं काय झालं? दहा अधिक दोनची पद्धत आली, ज्युनिअर कॉलेज हायस्कुलाला जोडलं गेलं. १९७८-७९ पासून अकरावी-बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रम आला, आपल्या भाषेत बायफोकल. दुसरी भाषा आणि एक विषय सोडायचा, त्याऐवजी २०० मार्कांचा व्यवसाय विषय घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, स्कूटर-मोटरसायकल दुरुस्ती, पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय, बँकिंग. हेतू हा की मुलगा बारावी होईल आणि हातात एक कसबही असेल. पण आपण लोक हुशार! प्रॅक्टिकलला भरघोस मार्क पडतात हे कळायला वेळ लागला नाही. मग इंजिनिअरिंगला जायचंय त्यांनीच इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवर उड्या टाकल्या. बायफोकलच्या जागा मेरिटवर भरू लागल्या. ज्याला खरंच सोल्डरिंग शिकून दुकान टाकायचं होतं तो यादीत खाली राहिला. व्यवसायाचा विषय टक्केवारी वाढवायची शिडी होऊन बसला.

मग १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले, एमसीव्हीसी. इथे उलटं झालं. हा पूर्ण वेगळा गट, वेगळा वर्ग, वेगळी मुलं. तांत्रिक गटातल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता यायचं, पण बाकीच्या गटांना पुढे काय याचं नीट उत्तर नव्हतं. त्याच इमारतीत सायन्सची मुलं वरच्या मजल्यावर आणि 'व्होकेशनल'ची मागच्या शेडमध्ये, हे चित्र मी एकाहून जास्त कॉलेजांत पाहिलं आहे. शिक्षक मात्र अनेक ठिकाणी जीव तोडून शिकवायचे, हेही सांगितलं पाहिजे.

आता फक्त उद्दिष्टांचे आकडे एकापुढे एक मांडतो. कोठारी आयोग: १९८६ पर्यंत ५० टक्के. १९८६ चं राष्ट्रीय धोरण: १९९० पर्यंत १० टक्के, १९९५ पर्यंत २५ टक्के. १९९२ मध्ये तेच आकडे १९९५ आणि २००० वर ढकलले. २०२० चं नवं धोरण: २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख. आणि याच २०२० च्या धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेचा अंदाज उद्धृत केला आहे. १९ ते २४ वयाच्या भारतीय कामगारांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहून कमी. अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६ टक्के. म्हणजे अर्ध्या शतकात आपण पन्नासवरून निघून फिरून पन्नासवर आलो, कागदावर.

मग हे कुठेच जमलं नाही का? जमलं. पुण्याजवळ, शिरूर तालुक्यातल्या पाबळला.

हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये त्या कोरडवाहू गावात आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. संस्था कुणाची? भारतीय शिक्षण संस्था, म्हणजे पुन्हा जे. पी. नाईकांनीच उभी केलेली. नाईक १९८१ मध्ये गेले होते, पण धागा तुटला नाही. कलबागांनी गावच्या हायस्कुलाशी जोडून आठवी ते दहावीला 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय सुरू केला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, घर-आरोग्य. मुलगे वेल्डिंग करायचे तशा मुलीही करायच्या. मुलींनी रक्तगट तपासायचा तसा मुलग्यांनीही. आणि काम खोटंखोटं नाही, गावाला लागणारं काम, पैसे घेऊन करून द्यायचं. हा विषय पुढे दहावी बोर्डाने मान्य केला आणि राज्यातल्या इतर शाळांतही गेला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब पाबळला आली, जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू आहे.

साताऱ्यात आणि पाबळला जे जमलं ते बाकी ठिकाणी का नाही जमलं? मला तीन कारणं दिसतात. पहिलं, तिथे काम सगळ्यांना होतं. हुशार इकडे आणि ढ तिकडे अशी वाटणी नव्हती. दुसरं, काम खरं होतं, कुणाच्या तरी उपयोगाचं होतं, बिघडलं तर गिऱ्हाईक बोलायचं. तिसरं, पुढची वाट बंद नव्हती, मुलगा अकरावी सायन्सलाही जाऊ शकत होता. फुल्यांनी १८८२ मध्ये 'एकाच मुलाला सगळं' असा अभ्यासक्रम मांडला होता, तो हाच. ज्या ज्या वेळी सरकारने मुलांचे दोन ढीग केले, त्या त्या वेळी योजना बुडाली.

आता आजचं. अनेक सरकारी आणि अनुदानित हायस्कुलांत नववीपासून व्यवसाय विषय आले आहेत. ऑटोमोटिव्ह, रिटेल, ब्यूटी अँड वेलनेस, हेल्थकेअर, शेती, मल्टीस्किल. काही ठिकाणी प्रयोगशाळेसाठी सामानही आलं आहे. हे चांगलंच आहे, मी नाक मुरडत नाही. पण शिकवणारे प्रशिक्षक बहुतेक करारावरचे, एजन्सीमार्फत नेमलेले. करार संपला की ते घरी आणि सामान कुलपात. शाळेतल्या गणिताच्या सरांना पेन्शनची चिंता आणि वायरिंगच्या सरांना पुढच्या महिन्याच्या पगाराची, हे ज्या शाळेत मुलं रोज बघतात, तिथे 'सर्व कामं समान' असं भिंतीवर लिहून काय होणार?

ही शाळा तुमच्या-माझ्या करातून चालते. म्हणून पुढच्या पालक सभेला मार्कांचं बोलून झालं की चार प्रश्न उभं राहून विचारा. एक, व्यवसाय विषय कुणाला देताय, सगळ्यांना की निवडून काढलेल्या 'ढ' तुकडीला? दोन, प्रशिक्षक वर्षभर आहेत का, की सहा महिने? तीन, मुलं खरंच हत्यार हातात धरतात की जर्नल उतरवतात? चार, हा विषय घेतला तर पुढे कुठे कुठे प्रवेश मिळतो, लेखी द्या. मुलींना कोणता विषय देतात तेही बघा. मुलांना ऑटोमोटिव्ह आणि मुलींना ब्यूटी अशी आपोआप वाटणी होत असेल तर तिथेच थांबवा.

आणि तुमच्या गावात जुन्या टेक्निकलची शेड अजून उभी असेल तर एकदा जाऊन बघा. आमच्या भागातल्या एका शाळेत त्या शेडीत आता निवडणुकीचं सामान आणि मोडके बाक ठेवलेत. लेथ तिथेच आहे, गंजलेला. माहितीतल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी, दोघेही आज स्वतःचं वर्कशॉप चालवतात, तो मोफत दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवली आहे. मुख्याध्यापकांची हरकत नाही. शाळा समितीची बैठक येत्या शनिवारी आहे. मी जाणार आहे, झालं ते इथे लिहीन.